मशीनला नावं ठेवायची नाहीत

टायपिंगच्या बाई तशा शांत स्वभावाच्या. पण कोणी मशीनची तक्रार केली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. टायपिंगच्या वर्गात त्यांनी उभी हयात घालवली आणि त्या हयातीत मुलामुलींच्या तोंडून एकच सबब ऐकली. बाई, माझं मशीन अडकतं. बाई, माझं मशीन जड आहे. बाई, हिचं मशीन चांगलं आहे, मला ते द्या.  बाई त्या पोराला उठवायच्या, त्याच्या खुर्चीत बसायच्या आणि त्याच अडकणाऱ्या मशीनवर अख्खं पान असं झरझर उतरवायच्या की पोरगं कानापर्यंत लाल व्हायचं. मग उठताना म्हणायच्या, "मशीनला नावं ठेवायची नाहीत. आधी बोटांना विचारायचं." पुढे टाइपरायटर भंगारात गेले, वर्गाच्या जागी कोणीतरी केस कापायचं दुकान थाटलं, पण बाईंचा हा बाणा काही गेला नाही. वयाबरोबर तो उलट जास्तच कडक झाला.

वर्ग बंद पडल्यावर बाई आता घरी बसतील असं ज्यांना वाटलं, त्यांना बाई कळल्याच नव्हत्या. त्यांनी एका कंपनीचं काम धरलं. कंपनी बैठकांची आणि चौकशांची रेकॉर्डिंग पाठवायची, ती कानाला लावून बाईंनी शब्दन् शब्द टाइप करायचा आणि मजकूर परत पाठवायचा. माणसं बैठकीत किती पाल्हाळ लावतात हे बाईंइतकं जगात कोणाला ठाऊक नसेल. एकच मुद्दा फिरवून फिरवून सांगणारे, दुसऱ्याचं वाक्य मधेच तोडणारे, काही सुचेनासं झालं की खोकून घेणारे, सगळ्यांना बाई इमानेइतबारे उतरवून काढायच्या. ह्या कामावर त्यांचा जीव होता. सकाळी केस बांधून खिडकीपाशी टेबलावर बसल्या की त्या पुन्हा वर्गातल्या बाई व्हायच्या. मग दुपारपर्यंत त्या कोणाची आई नसायच्या आणि कोणाची सासूही नसायच्या.

टेबलाचंही त्यांचं एक शास्त्र होतं. खुर्ची अशी हवी की कोपर टेबलाच्या कडेला येईल, उजेड डावीकडून हवा, आणि मशीनखाली गादी हवी. गादी नसली तर टेबल थरथरतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येतात, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. वर्गातून आणलेली हिरव्या लोकरी फेल्टची जाडजूड गादी इतकी वर्षं त्यांच्या टेबलावर होती. आधी तिच्यावर जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड असायचा. तो कॉम्प्युटर एक दिवस कायमचा झोपला आणि मुलाने आईसाठी हौसेने लॅपटॉप आणला, तेव्हा तोही आपसूक तिच्यावर जाऊन बसला.

काम करायची रीत अशी, की बाई डोळे मिटायच्या. टायपिस्टने बोटांकडेही बघायचं नसतं आणि पडद्याकडेही. कान आवाजावर ठेवायचा आणि बोटं मोकळी सोडायची. परिच्छेद संपला की डोळे उघडून एकदा नजर फिरवायची. लॅपटॉप आल्यावर सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एकदा बाईंनी डोळे उघडले तर पडद्यावर परिच्छेद अर्धाच होता आणि उरलेली अक्षरं एकेक करून येत होती, सुटलेल्या बसमागे धापा टाकत येणाऱ्या माणसांसारखी. बाईंना वाटलं, होतं असं कधीकधी. पण ते रोजच व्हायला लागलं. एखादं अक्षर आलं नाही म्हणून त्या पुन्हा दाबायच्या, आणि मग ते दोनदा यायचं. फाइल उघडायला सांगितली की लॅपटॉप विचारात पडायचा, बाई पुन्हा सांगायच्या, आणि मग तो दोन फाइली उघडून ठेवायचा. डोळे उघडे ठेवून टाइप करायचा प्रयत्न केला तर बोटं आणखीच अडखळली. दुपारपर्यंत इतका गोंधळ माजायचा की तो निस्तरण्यातच संध्याकाळ व्हायची.

दुसरी कोणी असती तर पहिल्याच दिवशी लॅपटॉपच्या नावाने खडे फोडून मोकळी झाली असती. पण बाई कोणत्या तोंडाने बोलणार? त्यांनी नेमाप्रमाणे बोटांना विचारलं. बोटं साठी ओलांडलेली, सकाळी आखडलेली, उजव्या करंगळीचं पेर जरा सुजलेलं. बोटांनी गुन्हा लगेच कबूल केला.  ज्या वेगावर आपण जगलो तो गेला, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं आणि घरात कोणाला काही कळू न देता मूग गिळून बसल्या.

घरात हे फुटलं ते कंपनीच्या फोनमुळे. कंपनीची सुपरवायझर म्हणजे बाईंची नात शोभेल अशा वयाची मुलगी, बोलायला गोड आणि कामाला काटेकोर. तिचा फोन आला तेव्हा बाईंचे हात ओले होते, म्हणून त्यांच्या यजमानांनी तो घेऊन स्पीकरवर टाकला आणि जेवायला बसलेल्या सगळ्या घराने तो ऐकला. बाईंचं काम अलीकडे उशिरा येतं, चुकाही फार असतात. शुक्रवारी सकाळी ऑनलाइन चाचणी घेऊ. ठरलेला वेग आला तर काम चालू राहील, नाही आला तर तुम्ही आता आराम करा. आराम हा शब्द तिने फार मायेने उच्चारला. बाईंना तो थोबाडीत मारल्यासारखा लागला.

मग घर कामाला लागलं. ह्या घराची एक गंमत होती. प्रत्येक जण आपापल्या धंद्यात हुशार होता आणि जगातली कुठलीही अडचण प्रत्येकाला आपल्याच धंद्यातली वाटायची.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळी आळी त्यांना चष्मेवाले म्हणायची आणि बाईंनाही आता दुसरं नाव आठवायला वेळ लागला असता. चष्मेवाल्यांच्या मते निम्म्या जगाच्या दुःखाचं मूळ चुकीच्या नंबरात होतं. त्यांनी दुकानातून तपासणीची लोखंडी चौकट घरी आणली, बाईंच्या नाकावर चढवली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि काचा बदलत बदलत हे बरं की ते बरं, हे बरं की ते बरं असं विचारून त्यांना भंडावून सोडलं. नवा चष्मा तयार झाला. तो घातल्यावर अक्षरं उशिरा येतात हे बाईंना जास्त स्वच्छ दिसायला लागलं.

सून फिजिओथेरपिस्ट. तिने सासूबाईंचे हात उलटसुलट करून पाहिले, सांधे दाबले, एक निळा रबरी बॉल दिला आणि तो दिवसातून किती वेळा कसा दाबायचा ते समजावलं. सून गुणी होती. पण समजावताना तिने आवाज जरा उतरवला होता आणि शब्द सुटेसुटे केले होते. "हळू हळू, आई. आपल्याला कुठे घाई आहे?" तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. दवाखान्यात ती पेशंटशी असंच बोलायची. बाईंनी बॉल घेतला आणि मान हलवली, पण त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही.

मुलगा विम्याच्या कंपनीत. त्याला लॅपटॉपचा संशय यायला हरकत नव्हती, पण तो लॅपटॉप त्यानेच चार दुकानं फिरून, घासाघीस करून, चांगल्यातला चांगला म्हणून आणला होता. तेव्हा लॅपटॉप वाईट निघणं शक्यच नव्हतं, फार तर त्यात कचरा साचला असेल. तो रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी कचरा काढायला बसायचा. नको ते प्रोग्रॅम काढले, आपोआप सुरू होणारे बंद केले, फोटो पुसले. फोटोंत वडिलांनी चुकून काढलेले स्वतःच्याच अंगठ्याचे इतके फोटो निघाले की त्याला हसू आवरेना. शेवटी तो लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि खरोखरच पहिला काही वेळ तो घोड्यासारखा पळायचा. मुलगा विजयी मुद्रेने घराबाहेर पडायचा. तो कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत इकडे अक्षरं पुन्हा रेंगाळायला लागलेली असायची.

ह्याचाही बाईंनी आपल्या परीने अर्थ लावला. सकाळी बोटं ताजी असतात तोवर चालतात, मग थकतात. इतकं सरळ होतं ते. त्यांनी मुलाला सांगितलं की आता ठीक आहे, आणि टेबलाखाली निळा बॉल दाबत बसल्या.

पण चष्मेवाल्यांना चैन पडेना. आपला नंबर चुकणं शक्य नाही, म्हणजे घोडं दुसरीकडे कुठेतरी अडलंय, असं म्हणत त्यांनी लॅपटॉप उचलला आणि जिन्याखालच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवला. बाई नको नको म्हणत होत्या. उगाच त्या बिचाऱ्या मशीनला कशाला दोष, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्तीवाल्याने दिवसभर लॅपटॉप काउंटरवर चालू ठेवला, त्यावर सिनेमे लावले, एकाच वेळी नाना कामं सांगितली, आणि संध्याकाळी दोघं न्यायला गेली तेव्हा खांदे उडवून म्हणाला, "दिवसभर पळवलाय, काका. एकदाही दम लागला नाही त्याला. माझ्याकडे पळतो आणि तुमच्याकडे बसतो, म्हणजे जे काय आहे ते तुमच्या घरात आहे."

चष्मेवाल्यांना हा घराण्याचा अपमान वाटला आणि ते हुज्जत घालायच्या बेतात होते, तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप बाईंकडे वळवला. काकू, इथेच दोन ओळी टाइप करून दाखवा, म्हणजे मला कळेल. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. बाईंनी काउंटरकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि सांगितलं की स्टूल उंच आहे, कोपर नीट येत नाही, अशा बैठकीवर टाइप करायचं नसतं. कारण अगदी शास्त्रोक्त होतं आणि अगदी खोटंही होतं. चार माणसांत बोटं अडखळली असती तर त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं असतं. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चालू लागल्या. जे काय आहे ते तुमच्या घरात आहे, हे वाक्य मात्र जिनाभर त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं. घरात काय आहे ते त्यांना माहीत होतं. घरात त्या होत्या.

गुरुवारी बाईंनी दिवसभर सराव केला. जसजसा दिवस चढला तसतसा वेग उतरला, आणि संध्याकाळी तर एक ओळ पडद्यावर यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात माणसाने चहा करून प्यावा. बाई उठल्या. हात दुखत होते, पाठ दुखत होती. त्यांनी ठरवलं, चाचणी द्यायचीच नाही. कोणीतरी आराम करा म्हणायच्या आधी आपणच खुर्ची सोडावी. सुपरवायझरला सरळ दोन ओळी लिहून कळवावं, म्हणजे तिचाही वेळ वाचेल आणि आपलीही शोभा व्हायची नाही.

पण ते आपल्या टेबलावर बसून लिहायला त्यांचं मन धजेना. त्या टेबलावर त्यांनी कधी हार मानली नव्हती. म्हणून लॅपटॉप उचलून त्या स्वयंपाकघरात आल्या. तिथे चष्मेवाले दुकान लवकर बंद करून मटार सोलत बसले होते. बाईंनी सालांचा ढीग हाताने बाजूला सारला, लाकडी टेबलावर लॅपटॉप ठेवला, थोडा चहा केला, दोघांनी तो घेतला, आणि मग बाई डोळे मिटून लिहायला लागल्या. वयोमानाने माझा वेग कमी झाला आहे. आपण इतके दिवस सांभाळून घेतलंत. मी हे काम आनंदाने केलं. उद्याच्या चाचणीला मी बसणार नाही. लिहिता लिहिता दोन ओळींचं पत्र चांगलं पानभर झालं.

टाइप करून झाल्यावरही त्यांनी लगेच डोळे उघडले नाहीत. अक्षरं पोहोचायला वेळ लागेल, तोवर डोळे पुसून घ्यावेत असा विचार. पुसून झाल्यावर पाहिलं तर पत्र पडद्यावर पूर्ण उभं होतं. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. अक्षर दोनदा नाही, शब्द गाळलेला नाही. कर्सर मागे हात बांधून वाट बघत असल्यासारखा लुकलुकत होता.

चष्मेवाल्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली होती.

"काय टाइप करत होतीस?" त्यांनी विचारलं.

"राजीनामा."

"तो राहू दे. आवाज ऐकलास का?" चष्मेवाले म्हणाले. "तुला वर्गातून न्यायला यायचो तेव्हा जिन्यात असाच आवाज यायचा. एवढ्या मशीनमधून तुझं कुठलं ते मला खालून कळायचं. तोच आवाज होता हा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग आपल्या हातांकडे. दिवसभर राबून थकलेली बोटं होती ती, सकाळची ताजी नव्हेत, आणि तरी पान झरकन उतरलं होतं. म्हणजे थकव्याचा काही संबंध नव्हता. बाईंच्या अंगात एकदम वर्गातल्या बाई संचारल्या. राजीनामा तसाच सोडून त्या उठल्या.

वर्गात एखाद्याचा वेग अडला की त्यांची एक पद्धत असायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. त्यांनी आधी लॅपटॉप आपल्या टेबलावर नेला आणि टाइप करत राहिल्या. थोड्याच वेळात अक्षरं पाय ओढायला लागली. स्वयंपाकघरात आणला, जरा वेळ गेला, पुन्हा पळायला लागला. दुरुस्तीवाला शब्दशः खरं बोलला होता. जे काय होतं ते घरात होतं, आणि ते त्या खोलीत होतं.

मग चष्मेवाल्यांना हमालीला जुंपलं. आधी त्यांनी बाईंची खुर्ची स्वयंपाकघरात आणली. तिच्यावर बसून टाइप केलं, फरक नाही. मग डावीकडचा दिवा आणला, लावला, फरक नाही. चष्मेवाल्यांनी हळूच सुचवलं की एकदा जुना चष्मा घालून बघ. बाईंनी त्यांचं मन राखायला तोही घालून पाहिला. काही फरक पडला नाही, तेव्हा नंबर बिनचूक होता म्हणून त्यांना आनंद झाला आणि नंबराचा काही संबंधच नव्हता म्हणून वाईटही वाटलं. त्या खोलीत आता टेबल, भिंती आणि हिरवी गादी एवढंच उरलं. चष्मेवाले घाम पुसत म्हणाले की भिंती काही मी आणणार नाही. मग गादी आणली. तिच्यावर लॅपटॉप ठेवून बाईंनी परवाची एक लांबलचक बैठक कानाला लावली आणि टाइप करायला घेतलं.

पहिलं पान छान गेलं. दुसऱ्या पानावर अक्षरं रेंगाळली. तिसऱ्यावर त्यांनी बसकणच मारली.

बाईंनी लॅपटॉप उचलला आणि चटकन खाली ठेवला. त्याचं पोट इस्त्रीसारखं तापलं होतं. तो बंद करून, निवू देऊन, उलटा केला तर पोटाला बारीक फटींची जाळी, आणि त्या फटींमध्ये हिरवी लव दाटून बसलेली. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ह्या जातीचा लॅपटॉप पोटानेच श्वास घेतो, आतला पंखा तिथूनच हवा ओढतो. तुम्ही त्याला गादीवर पालथा दाबून ठेवलात, आणि वर तिची लव त्याच्या नाकात. मग तो तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो.

"पण गादीचं तुम्ही काही बोलला नाहीत, काकू," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस," बाई म्हणाल्या. "आणि मशीनखाली गादी असते हे काय सांगायचं?"

त्याने सांगितल्याप्रमाणे चष्मेवाल्यांनी काचांवरची धूळ उडवायचा आपला रबरी फुगा आणला आणि फुसफुस करत जाळीतली लव काढली. शेवटी आपल्या धंद्यातलं काहीतरी उपयोगी पडलं म्हणून त्यांचा चेहरा खुलला होता. मुलगा आणि सून घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात खुर्ची, दिवा, दोन चष्मे, सांडलेले मटार आणि मधोमध उताणा पडलेला लॅपटॉप असा सगळा पसारा होता. सगळी हकिकत ऐकल्यावर मुलगा आधी एवढंच म्हणाला की बघा, मी चांगल्यातलाच आणला होता.  सुनेने खोलीतल्या टेबलाखालचा निळा बॉल आणून आपल्या पर्समध्ये टाकला आणि सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली.

सगळ्यात जास्त हसत होत्या त्या बाई. मशीनला नावं ठेवायची नाहीत, हे आपण जन्मभर सांगितलं ते शेवटी खरंच निघालं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दोष मशीनचा नव्हताच. दोष त्याच्या नाकात बोळा कोंबणारीचा होता.

 जेवताना चष्मेवाले म्हणाले, आता एकदा घड्याळ लावून वेग मोजून बघ, म्हणजे उद्याची धास्ती उरणार नाही. बाईंनी नकारार्थी मान हलवली. धास्ती तर आत्ताच खरी सुरू झाली होती. आजवरच्या मंद वेगाला निदान गादीचा आडोसा होता. उद्या लॅपटॉप चालेल, गादी नसेल, चष्मा नवा असेल, आणि तरीही वेग आला नाही तर मग बोलायला काहीच उरणार नव्हतं. जे काय आहे ते उद्याच कळू दे, असं म्हणून त्यांनी ताटं उचलली. राजीनाम्याचं पत्र त्यांनी पाठवलं नव्हतं, पण पुसलंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाई केस बांधून टेबलावर बसल्या. टेबल उघडं होतं. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला चष्मेवाल्यांनी आजाऱ्याला उशी द्यावी तितक्या काळजीने दोन लाकडी पट्ट्या लावून तो जरा उचलून ठेवला होता. त्यांनी दुकान उघडलं नव्हतं, मुलाला ऑफिसला उशीर होत होता, सुनेचा पहिला पेशंट थांबला असणार, पण तिघंही दारात उभे. बाईंनी त्यांना दोनदा जायला सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पडद्यावर सुपरवायझर आली, गोड हसली, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

कुठल्याशा ऑफिसातली बैठक होती. पिण्याच्या पाण्याचं यंत्र कुठे ठेवायचं ह्यावर सात-आठ माणसं हमरीतुमरीवर आली होती. एक जण म्हणत होता दाराशी, दुसरी म्हणत होती दाराशी ठेवलं तर लोक तिथेच गप्पा मारत उभे राहतील, तिसरा प्रत्येक वाक्याआधी खोकत होता. बाईंनी डोळे मिटले. पहिली दोन वाक्यं त्यांनी एकेक शब्द मोजत टाइप केली. मग खोकणारा बोलायला लागला, बाईंच्या मनात आलं की अरे बाबा, तूच आधी पाणी पी, आणि त्या चाचणी विसरून गेल्या. बोटं आपली आपण चालू लागली. दारातल्या तिघांना फक्त तो आवाज ऐकू येत होता. चष्मेवाल्यांनी सुनेचा हात घट्ट धरला होता आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

रेकॉर्डिंग थांबलं. बाईंनी डोळे उघडले. यंत्राचा वाद सुटला नव्हता, पण मजकूर सगळाच्या सगळा समोर होता.

सुपरवायझरने तपासायला थोडा वेळ घेतला. मग तिने सांगितलं की ठरलेल्या वेगापेक्षा बाईंचा वेग चांगलाच जास्त आहे आणि चुका जवळजवळ नाहीत. मग मधले काही महिने काय झालं होतं, असं तिने जरा संकोचून विचारलं. बाईंनी सांगितलं की माझ्याच चुकीने लॅपटॉप तापत होता, आता तापणार नाही. सुपरवायझरने ते लिहून घेतलं. कंपनीत लागताना बाईंची अशीच चाचणी झाली होती, तो जुना आकडा तिच्यासमोर होता, तो तिने वाचून दाखवला. तेव्हापेक्षा आज मिनिटाला तीन शब्द कमी आले होते. त्याने काही बिघडत नाही, असंही ती घाईघाईने म्हणाली.

कॉल संपला आणि दारातली तिघं आत घुसली. चष्मेवाले म्हणाले, तीन शब्द म्हणजे परीक्षेची भीती, दुसरं काही नाही. सून म्हणाली, सकाळचा गारवा आहे, बोटं गार पडली असतील. मुलगा म्हणाला, आज इंटरनेटच जरा मंद आहे, मी इंटरनेटवाल्यांकडे तक्रार करतो.

बाईंनी हात वर केला. वर्गात त्या असा हात वर करायच्या तेव्हा सगळी मशीनं थांबायची.

"इंटरनेटला काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "ते तीन शब्द माझे गेलेत. वयाने गेलेत. मला वाटलं होतं सगळेच गेले."

एवढं बोलून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि नवा चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या. चष्मेवाल्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, पदराने काचेवर चरे पडतात म्हणून नेहमीसारखे करवादले, आणि खिशातल्या फडक्याने नीट पुसून परत दिला. तोवर पडद्यावर कंपनीचं नवं रेकॉर्डिंग येऊन पडलं होतं, चांगलं दीड तासाचं, आणि ते आजच हवं होतं. बाईंनी चष्मा चढवला, तिघांना बाहेर जायला सांगितलं, आणि ह्या वेळी ते खरंच गेले.